पतसंस्थेचं सॉफ्टवेअर थरांत लावताना

वेबसाइटमागे चालणाऱ्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ५.६ या आवृत्तीला मिळणारे सुरक्षेचे अपडेट डिसेंबर २०१८ मध्येच थांबले होते. तरी होस्टिंगवाले ती आवृत्ती चालवून घेत होते आणि सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची पतसंस्था तिच्यावर निवांत चालली होती. मग मेल आली की अमुक तारखेपासून जुनी आवृत्ती बंद. मॅनेजर मॅडमनी ती मला पुढे पाठवली आणि वर एकच ओळ लिहिली: "हे मार्चएंडच्या आधी की नंतर?"

संस्थेचं सॉफ्टवेअर आमच्याकडे नुकतंच देखभालीला आलं होतं. मूळ लिहिणारे गृहस्थ पुण्याला नोकरीत गेले होते. त्यांच्याबद्दल वाईट बोलण्यासारखं काही नाही. एकट्या माणसाने मुदत ठेव, दामदुप्पट, पिग्मी, सोनेतारण, जामीनकी कर्ज, रोजकीर्द, तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाकींचा ताळा) एवढं सगळं उभं केलं होतं आणि ते वर्षानुवर्षं चाललंही होतं. पण रचना अशी, की एका कामाला एक पान. ठेव बंद करायची तर 'ठेव बंद' नावाची एक लांबलचक फाइल. वरच्या टोकाला डेटाबेसची जोडणी, मग फॉर्ममधून आलेल्या आकड्यांची तपासणी, मग क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, मग व्याजाचा हिशेब, त्यात मधूनच टेबलचं एचटीएमएल, परत क्वेरी, आणि शेवटी पावतीची छपाई. चेअरमनसाहेब म्हणाले, "चालतंय न्हवं? मग नव्या व्हर्जनवर उचलून ठेवा की."

उचलून ठेवता येत नव्हतं. या सगळ्या पानांत डेटाबेसशी, म्हणजे मायएसक्यूएलशी, बोलायला 'मायएसक्यूएल क्वेरी' हे जुनं फंक्शन वापरलं होतं. पीएचपीने ते २०१३ साली ५.५ मध्ये कालबाह्य ठरवलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० मधून काढूनच टाकलं. नव्या आवृत्तीवर ठेवीचं, कर्जाचं, कसलंच पान उघडणार नव्हतं. शोधा-आणि-बदला करून त्या जागी नवं 'मायएसक्यूएलआय' घालणं हा स्वस्तातला मार्ग होता आणि आमचा कलही तिकडेच होता. तो फिरला एका ठेवीदारामुळे.

हे आजोबा पन्नास हजारांची वर्षाची पावती दोनशे दिवसांनी मोडायला आले. संस्थेचा नियम असा: मुदतीआधी मोडली तर ठेव जितके दिवस राहिली त्या मुदतीचा दर लावायचा आणि त्यातून एक टक्का वजा करायचा. दोनशे दिवसांचा दर साडेसहा, म्हणजे हातात साडेपाच टक्के. काउंटरवरच्या चौकशीच्या पानाने व्याज सांगितलं १,५२८ रुपये. ठेव बंद करायच्या पानाने काढलं १,५०७. आणि शाखाधिकाऱ्याच्या 'मोडल्यास किती मिळतील' या यादीत होते १,३७५. आजोबांनी साहजिकच १,५२८ धरून ठेवले होते.

तिन्ही फाइली उघडून बघितल्या. एकीत दिवसांना ३६० ने भागलं होतं, दुसरीत ३६५ ने, आणि तिसरीत पूर्ण महिनेच मोजले होते, दोनशे दिवसांचे सहा. यातली कुठली चूक म्हणायची? तिन्ही पानं वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसाने सांगितल्यावर लिहिली गेली होती. मी मॅडमना विचारलं, "बरोबर कुठलं धरायचं?" त्या म्हणाल्या, "बरोबर ते, जे संचालक मंडळाच्या ठरावात लिहिलंय. ठेवला तो दिवस धरायचा, काढला तो नाही, आणि भागायचं ३६५ ने, लीप वर्ष असो नसो. पण हे तुमच्या कॉम्प्युटरला कुठं माहीत आहे?"

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला गेलो आणि काम बदललं. ठराव बदलला तर कोडमध्ये एकच जागा बदलावी लागेल, अशी जागाच त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती.

म्हणून सगळं थरांत लावायचं ठरलं, एका प्रकारच्या कामाला एक थर. थरांची कल्पना तशी वेबपेक्षा बरीच जुनी. डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं वर्णन केलं तेव्हाच ती थरावर थर अशी मांडली होती, आणि प्रत्येक थर फक्त खालच्यावर विसंबलेला. आम्हाला एवढं भव्य काही करायचं नव्हतं. मॅडमना समजावताना मी त्यांच्याच ऑफिसकडे बोट दाखवलं: कारकून व्हाउचर लिहितो, अधिकारी पास करतो, कॅशियर पैसे देतो. कॅशियर खिडकीत बसून व्याज काढत नाही, आणि अधिकारी नोटा मोजत नाही. त्यांनी लगेच विचारलं, "मग ठराव कुणाच्या टेबलावर?" प्रश्न अचूक होता.

आमची मांडणी अशी ठरली. वर पानं आणि त्यांचे कंट्रोलर; यांचं काम माणसाने भरलेलं घेणं आणि उत्तर दाखवणं, बाकी काही नाही. त्याखाली सर्व्हिस: 'ठेव मुदतीपूर्वी बंद कर', 'पिग्मी जमा कर', 'कर्जाचा हप्ता घे' अशी, संस्थेतला माणूस बोलेल त्याच नावांची कामं. मग नियमांचा थर, जिथे ठराव, उपविधी आणि कायदा राहतो. आणि शेवटी डेटाबेसशी बोलणारा रिपॉझिटरीचा थर. एका बाबतीत मात्र आम्ही जुनी उतरंड पाळली नाही. नियमांचा थर डेटाबेसवर विसंबू द्यायचा नाही, असं ठरवलं. 'मला एका सभासदाच्या सगळ्या ठेवी आणून देणारं कुणीतरी हवं' एवढाच करार तो थर जाहीर करतो. ते आणायचं कसं, कुठल्या टेबलातून, हे रिपॉझिटरीने बघायचं. अ‍ॅलिस्टर कॉकबर्न या सॉफ्टवेअर-रचनेवर लिहिणाऱ्यांनी २००५ मध्ये 'पोर्ट्स अँड अडॅप्टर्स' म्हणून जे मांडलं त्याचा हा गावठी अवतार म्हणा हवं तर.

सुरुवात केली ती तळापासून. प्रत्येक पानातल्या क्वेरी उचलून रिपॉझिटरीत नेल्या, पीडीओ ही पीएचपीची डेटाबेसशी बोलायची नवी सोय वापरून, आकडे क्वेरीत चिकटवण्याऐवजी बांधून. हे कंटाळवाणं काम आहे आणि त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. पण त्यात दोन गोष्टी हाती लागल्या.

पहिली नावांची. काही सभासदांची नावं मध्येच तुटलेली होती: आडनाव अर्धं, शेवटी एक प्रश्नचिन्हासारखा चौकोन. टेबलं लॅटिन-१ या युरोपीय अक्षरांच्या संचाची होती आणि त्यांत देवनागरी तशीच कोंबलेली. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, काना-मात्रेलासुद्धा. त्यामुळे पन्नास अक्षरांच्या म्हणून बनवलेल्या रकान्यात जेमतेम सोळा चिन्हं मावत होती, आणि त्या काळचं मायएसक्यूएल जास्तीचं गुपचूप कापून टाकत होतं. जे कापलं गेलं ते परत मिळणार नव्हतं. केवायसीचे कागद काढून नावं पुन्हा भरावी लागली. कारकून मंडळींनी त्यासाठी आम्हाला बरंच सुनावलं.

दुसरी रकमांची. पैशांचे काही रकाने फ्लोट, म्हणजे दशांश अंदाजे ठेवणारे, होते, आणि मायएसक्यूएलचा फ्लोट सातेक अंकांपुढे नेमका राहत नाही. ते डेसिमल, म्हणजे दशांश नेमके ठेवणारे, केले. आणि नियमांच्या थरात रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवायची असं ठरवलं. रुपयांचे पैसे आणि पैशांचे रुपये करण्याचं काम फक्त रिपॉझिटरीच्या उंबऱ्यावर. आता कुठेही दशांश चिन्ह दिसलं तर विचारायचं, हे इथे आलं कसं?

खरी परीक्षा झाली ट्रान्झॅक्शनच्या वेळी, म्हणजे सगळ्या नोंदी एकत्र व्हाव्यात नाहीतर एकही होऊ नये अशा बांधणीच्या वेळी. ठेव बंद करताना एका दमात बऱ्याच नोंदी होतात: व्हाउचर तयार होतं, ठेव खाते नावे पडतं, व्याज खर्च नावे पडतो, बचत खाते जमा होतं, पावतीवर 'बंद' चढतं. मध्येच काही अडलं तर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अर्ध्या नोंदी राहून जात. मग संध्याकाळी तेरीज जुळत नसे आणि कॅशियर काका कॅल्क्युलेटर घेऊन बसत. त्यांचा पहिला सवाल ठरलेला: "फरकाला नऊनं भाग जातोय का बघा." भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते, हे हिशेबनिसांचं जुनं शहाणपण. आमच्या फरकांना नऊने भाग जायचा नाही, कारण इथे आकडे उलटे पडलेले नव्हते, नोंदच गायब होती.

ट्रान्झॅक्शन सुरू कुठे करायचं आणि संपवायचं कुठे, यावर आमच्यात वाद झाला. माझा सहकारी म्हणत होता, "अरे, डेटाबेसची गोष्ट आहे, रिपॉझिटरीतच असू दे." पण एका कामात तीन रिपॉझिटऱ्या लागतात. प्रत्येकीने आपापलं ट्रान्झॅक्शन उघडलं तर पीडीओ दुसऱ्याच वेळी अपवाद फेकतं, म्हणजे चूक सांगून थांबतं: एक आधीच चालू आहे. आणि फेकलं नसतं तरी अर्थ चुकलाच असता, कारण 'सगळं किंवा काहीच नाही' हे कुठवर लागू आहे ते टेबलाला माहीत नसतं, कामाला माहीत असतं. म्हणून ते सर्व्हिसच्या थरात गेलं. सर्व्हिसची एक हाक म्हणजे एक ट्रान्झॅक्शन.

मग तपासणी. बचत खात्यावर जमा होण्याच्या अगदी आधी मुद्दाम अपवाद फेकला आणि बघितलं की व्हाउचर मागे घेतलं जातं का. व्हाउचर टेबलात तसंच बसलेलं होतं. रोलबॅक, म्हणजे 'मागे घे', झाला होता, कोणतीही चूक दाखवली गेली नव्हती, आणि नोंद जागच्या जागी. कोड पुन्हापुन्हा वाचून काही सापडेना. शेवटी टेबलाची व्याख्या काढून बघितली तर खाली लिहिलेलं: इंजिन, मायआयसॅम. टेबल साठवणाऱ्या या इंजिनाला ट्रान्झॅक्शन ही गोष्टच माहीत नाही. 'सुरू कर' म्हटलं तर ऐकून घेतं, 'मागे घे' म्हटलं तर एक सूचना देतं की काही बदल मागे घेता आले नाहीत, आणि ती सूचना कुणी मागितली तरच दिसते. २०१० मध्ये आलेल्या मायएसक्यूएल ५.५ पासून इनोडीबी हे मूळ इंजिन झालं, पण ही टेबलं त्याआधीची. प्रत्येक सर्व्हर बदलताना बॅकअप काढून नव्या जागी ओतला गेला आणि बॅकअपच्या फाइलीत इंजिनाचं नाव कोरलेलं असतं, म्हणून मायआयसॅम सर्व्हरमागून सर्व्हर प्रवास करत आलं. सगळी टेबलं इनोडीबीत नेली आणि तीच तपासणी पार पडली.

वरचे थर कितीही नेटके लावले तरी तळाचं इंजिन काय करू शकतं हे माहीत असावंच लागतं. 'डेटाबेस कुठलाही घाला, वरच्याला फरक पडत नाही' असं थरांबद्दल बोललं जातं. माझा त्यावर विश्वास नाही. दोन काउंटरवरून एकाच संयुक्त खात्यातून एकाच क्षणी पैसे काढले गेले तर काय, याचं उत्तर शेवटी रिपॉझिटरीतल्या 'ओळीला कुलूप लावून आण' या क्वेरीतच आहे. आम्ही त्या मेथडचं नावच 'बदलासाठी खाते आण' असं ठेवलं, म्हणजे सर्व्हिस लिहिणाऱ्याला निदान नावावरून कळेल.

नियमांचा थर लिहायला मजा आली, कारण तो लिहिताना डेटाबेसही लागत नव्हता आणि ब्राउझरही. मॅडमनी एका वहीत हाताने उदाहरणं सोडवून दिली: ही तारीख, ही रक्कम, हा दर, हे उत्तर. ज्येष्ठ नागरिकाला अर्धा टक्का जादा. मुदत संपून गेल्यावर उशिरा आला तर वरच्या दिवसांना बचतीचा दर. किमान दिवसांच्या आत मोडली तर व्याज शून्य. दर मध्येच बदलला तर पावती केली त्या दिवसाचाच दर, म्हणून दरांच्या तक्त्याला 'कधीपासून लागू' हा रकाना हवाच. वहीतली ती सगळी उदाहरणं पीएचपीयुनिटच्या चाचण्या झाल्या आणि पूर्ण संच डोळ्याचं पातं लवेपर्यंत धावून होतो, कारण खरा डेटाबेस कुठेच नाही. त्याच्या जागी मेमरीतली एक साधी यादी. आजोबांची पावती चाचण्यांत सगळ्यात वर आहे: १,५०७. एका उदाहरणात वहीतलं उत्तर आणि कोडचं उत्तर एका रुपयाने वेगळं आलं. मॅडमनी पुन्हा हिशेब केला आणि म्हणाल्या, "हे रुपयात पूर्ण करणं शेवटी एकदाच करायचं, मधल्या पायरीला नाही. तेही लिहून ठेवा." हा नियम ठरावातही लिहिलेला नव्हता.

सगळ्यात अवघड नियम रोखीचा निघाला. त्या वेळी लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याचं २६९-टी हे कलम सांगत होतं की सहकारी संस्थेनेसुद्धा ठेव परत करताना रक्कम २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर ती रोखीने द्यायची नाही. जुन्या पानात ही तपासणी होती, पण ती नुसती मुद्दल बघत होती. १९,००० ची वर्षाची पावती आठ टक्क्यांनी १,५२० रुपये व्याज घेऊन येते आणि २०,५२० होते. कायदा व्याजासकट मोजत होता. इथवर सोपं. पण पुढे कलम असंही म्हणत होतं की त्या माणसाच्या, त्याच्या एकट्याच्या किंवा संयुक्त नावावरच्या, सगळ्या ठेवी त्या दिवशी व्याजासकट मिळून २०,००० झाल्या तरी रोख नाही. म्हणजे पाच हजारांची पावती मोडायला आलेल्या माणसाच्या बाकीच्या पावत्या बघितल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आणि इथे थरांची कसोटी लागली. 'रोखीने देता येईल का' हा प्रश्न ठेवीला विचारावासा वाटतो, पण एका ठेवीला दुसऱ्या ठेवी माहीत नसतात. सहकाऱ्याने नियमाच्या क्लासमध्येच रिपॉझिटरी घुसवली आणि तिथूनच क्वेरी मारली. चाललंही. पण मग त्या नियमाची चाचणी करायला बनावट रिपॉझिटरी लागायला लागली, आणि पुढच्या कुणी दुसऱ्या नियमात तेच केलं असतं तर थर राहिलेच नसते. आम्ही ते उलटं केलं: सर्व्हिसने आधी त्या सभासदाच्या सगळ्या चालू ठेवी आणायच्या आणि नियमाच्या हातात द्यायच्या. नियम फक्त बेरीज करतो आणि हो किंवा नाही सांगतो. आणणारा वेगळा, ठरवणारा वेगळा. हा बदल ओळींच्या हिशेबात किरकोळ आहे, पण माझ्या मते पूर्ण कामातला सगळ्यात मोलाचा तोच, कारण त्यानंतर नवा नियम आला की तो कुठे बसवायचा यावर वाद होईनासा झाला.

व्याज जमा करायचं रात्रीचं काम क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या यंत्रणेवर, चालायचं. त्याने वेगळंच दाखवून दिलं. जुन्या कोडमध्ये व्हाउचर बनवणारं फंक्शन, व्हाउचर कोणी केलं हे नाव थेट सेशनमधून, म्हणजे लॉगिनच्या नोंदीतून, उचलायचं. रात्री दोन वाजता कुणीच लॉगिन केलेलं नसतं, त्यामुळे क्रॉनने केलेल्या सगळ्या व्हाउचरांवर 'तयार करणार' हा रकाना कोरा. ऑडिटरनी त्यावर शेरा मारलेला होता. नव्या रचनेत सर्व्हिसला सेशन, फॉर्म, ब्राउझर यांची नावंही ठाऊक नाहीत. काम करणारा कोण हे तिला हाक मारणाऱ्यानेच सांगायचं. कंट्रोलर लॉगिनवाल्याचं नाव देतो, क्रॉन 'प्रणाली' असं देतं. हे पाळलं जातंय का ते बघायला डेप्ट्रॅक नावाचं साधन लावलं: खालच्या थराने वरच्याचं नाव घेतलं, किंवा नियमाच्या थराने पीडीओचं, की कोड पुढेच जात नाही. माणसाने माणसाला टोकण्यापेक्षा हे बरं, विशेषतः शुक्रवारी संध्याकाळी.

पिग्मीच्या मोबाइल अ‍ॅपचं काम आलं तेव्हा आम्हाला फारसं काही करावं लागलं नाही. एजंट दिवसभर बाजारपेठेत फिरून दुकानांतून पैसे गोळा करतो, नेटवर्क असो नसो, आणि संध्याकाळी भरणा चढवतो. त्यासाठी एक नवा कंट्रोलर लिहिला आणि त्याने काउंटरचं पान बोलावतं तीच 'पिग्मी जमा कर' सर्व्हिस बोलावली. फक्त एक भानगड: नेट मध्येच तुटलं की अ‍ॅप तोच भरणा पुन्हा पाठवतं. पावती क्रमांकावर डेटाबेसमध्ये एकच क्रमांक दोनदा न घेणारा युनिक इंडेक्स टाकला, दुसरी नोंद तिथेच अडते. काही शुद्धतावादी म्हणतात की नियम डेटाबेसमध्ये ठेवू नयेत. मला हे पटत नाही. उद्या कुणी थेट टेबलात हात घातला तरी टिकेल असा शेवटचा पहारा हवाच. फक्त तो खरोखर पहारा आहे ना ते बघावं: मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधी चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे रकान्यावरची अट, लिहिला तर डेटाबेस तो वाचायचा आणि सोडून द्यायचा.

सगळंच थरांतून न्यायचं, हा हट्ट मात्र आम्ही सोडला. तेरीज हे त्याचं कारण. सहकाऱ्याने ती रिपॉझिटरीतून सगळ्या नोंदी वस्तू म्हणून आणून, नियमांच्या थरात बेरीज करून काढायची असं लिहिलं. वाचायला सुंदर. वर्षभराच्या नोंदींवर चालवलं आणि पीएचपीने सांगितलं की परवानगी असलेली १३,४२,१७,७२८ बाइट मेमरी संपली, म्हणजे नेहमीचे १२८ एमबी. मर्यादा वाढवता आली असती. पण डेटाबेस जी बेरीज एका 'ग्रुप बाय'मध्ये करून देतो ती दोन थर वर नेऊन करण्यात शहाणपण कुठलं? अहवालांसाठी वेगळी, सरळ, फक्त वाचणारी वाट ठेवली: कंट्रोलर, एक क्वेरी, टेबल. थकबाकीची यादीही त्याच वाटेने. ती आधी कर्जामागे एक, जामीनदारामागे एक अशा क्वेरी मारत इतकी रेंगाळायची, की वसुली अधिकारी प्रिंट देऊन चहाला जायचे.

असंच गावांच्या आणि शाखांच्या याद्यांचं. कंट्रोलर सर्व्हिसला विचारतो, सर्व्हिस रिपॉझिटरीला विचारते, आणि तिघांतही एकेकच ओळ. तिथली सर्व्हिस काढून टाकली. फळ्यावर लिहिलं: वाचायचं असेल आणि त्यात कुठलाही ठराव येत नसेल तर कंट्रोलरने थेट रिपॉझिटरीकडे जायला हरकत नाही, लिहायचं असेल तर सर्व्हिसशिवाय नाही. पैशाला हात लागतो तिथे कडक, बाकी ठिकाणी ढील.

मार्चएंड आला तेव्हा ठेवी, पिग्मी आणि बचत नव्या रचनेत होतं. रात्री जुनं आणि नवं दोन्हीकडून व्याज काढून तुलना करायचं एक छोटं काम आधीपासून लावलं होतं, आणि जिथे जिथे फरक निघे तिथे मॅडम वही उघडून निकाल देत. बहुतेक वेळा निकाल नव्याच्या बाजूने लागला. एकदा जुन्याच्या बाजूने लागला: संस्थेच्या कर्मचाऱ्यांच्या ठेवींना जादा दर होता, हे जुन्या कोडला माहीत होतं आणि वहीला नव्हतं. तोही नियम बनला, उदाहरणासकट.

कर्ज आणि लाभांशाची पानं मात्र जुन्याच रूपात राहिली आणि त्यांना नव्या पीएचपीवर जगवायला आम्ही तोच स्वस्तातला मार्ग वापरला. काढून टाकलेल्या फंक्शनांच्या नावाचीच नवी फंक्शनं एका फाइलीत लिहिली आणि आतून ती मायएसक्यूएलआयला हाक मारतात. दिसायला वाईट आहे, पण त्यामुळे होस्टिंगवाल्यांच्या तारखेची घाई संपली. ही जुनी पानं सभासदांची टेबलं वाचू शकतात. ठेवींच्या टेबलांत लिहायचा अधिकार त्यांच्या डेटाबेस युजरकडून काढून घेतला आहे, आणि कर्ज ठेवीतून वळतं करायचं असेल तर त्यांनीही नव्या सर्व्हिसलाच हाक मारायची. कर्जाचं काम सध्या चालू आहे. लाभांश ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या सर्वसाधारण सभेआधी लागतो, म्हणून ऑडिट आटोपलं की तो घ्यायचा; सहकार कायद्याची १५ टक्क्यांची मर्यादा आत्ता तिथे फॉर्मच्या जावास्क्रिप्टमध्ये तपासली जाते, आणि मॅडमनी त्यासाठी वहीची नवी पानं आधीच भरून ठेवली आहेत.